शेरा: दुसरा आवाज

मी टेबलं मांडते. लाकडाची नाही, डेटाबेसची. हे सांगितलं की लोक एक तर "अरे वा" म्हणून विषय बदलतात, नाहीतर घरातला बिघडलेला प्रिंटर आणून दाखवतात. प्रिंटर मला दुरुस्त करता येत नाही आणि करायचाही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं केंद्र आवाज साठवतं. ज्यांचा आवाज आजारानं जाणार असतो, घशाचं ऑपरेशन ठरलेलं असतं, अशी माणसं आधी आमच्याकडे येतात आणि काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचतात. "खिडकी लाव, गार वारा येतोय." "मला थोडं पाणी हवंय." अशी साधीच वाक्यं, पण ढीगभर. त्यांतून त्या माणसासाठी एक मशीन तयार होतं. त्यानं बोटानं टाइप करायचं आणि मशीननं त्याच्याच आवाजात बोलायचं. आता एकेका माणसाच्या इतक्या फाइली. कुठली कुणाची, कोणत्या दिवशीची, वापरायची की नाही, तिच्या प्रती कुठं कुठं ठेवल्यात, हे लिहिलेलं नको? नाहीतर साठवणं आणि अडगळीत टाकणं ह्यात फरक काय राहिला? ते लिहून ठेवणारी टेबलं माझी. माणसांचं एक, संग्रहांचं एक, फाइलींचं एक, प्रतींचं एक, संमतीचं एक.

"म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या लावता तुम्ही, वन्सं," असं माझी वहिनी म्हणाली होती. एरवी ती मला अगं-तुगं करायची. वन्सं आणि तुम्ही फक्त चिडवायला. मी चिडलेही. एवढं शिकून डब्यांवर चिठ्ठ्या! पण नंतर नव्या लोकांना काम समजावताना मी तिचंच वाक्य वापरायला लागले, कारण त्याहून सोपं मला कधी सुचलं नाही.

टेबलं मांडताना माझं आमच्या प्रमुखांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. प्रमुख म्हणजे घशाचे डॉक्टर, माणूस सज्जन, पण काहीही टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. प्रश्न असा होता की रेकॉर्डिंगच्या वेळी पेशंटखेरीज दुसऱ्या कुणाचा आवाज मध्ये आला तर त्या फाइलीचं करायचं काय? पेशंटनं सही केलेली असते, त्या दुसऱ्या माणसानं नसते. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या ना. पडून राहील एका कोपऱ्यात, खातेय का काही?"

"कोपऱ्यात राहत नाही ती," मी म्हटलं. "मी बघितलंय काय होतं ते."

बघितलंच होतं. एका पेशंटची मुलगी दाराबाहेर फोनवर नवऱ्याशी भांडत होती, रडत होती, आणि ते सगळं माइकनं टिपलं होतं. आमच्याकडे शिकायला आलेली चार टाळकी चहा पिताना ते लावून खिदळत होती. माझं डोकंच फिरलं. त्या मुलीला पत्ताही नव्हता की तिचं रडणं आमच्याकडे जपून ठेवलंय. त्या दिवशी मी त्या पोरांना असं फैलावर घेतलं की एकानं कप तसाच टाकून पळ काढला.

म्हणून मी नियम टेबलातच बसवला, म्हणजे कुणाच्या मर्जीवर राहायला नको. दुसरा आवाज आला आणि त्या माणसाची सही नसली, की तो टेक, म्हणजे त्या वेळचं रेकॉर्डिंग, रद्द. पेशंटनं आपलं मशीन पसंत केल्याची सही केली, की त्याचे रद्द टेक पुसायचे. नुसते एका जागचे नाही, सगळ्या जागचे. प्रत्येक फाइलीच्या प्रत्येक प्रतीची माझ्याकडे नोंद, आणि शेवटची प्रत पुसल्याची खूण होईपर्यंत ते काम पुरं झालं असं टेबल मानायचंच नाही. राहायची ती फक्त फाइलीच्या टेबलातली एक ओळ: नंबर, तारीख, किती वेळाची होती, आणि शेरा. का काढली, एवढं कळायला. डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. मला त्या मांडणीचा गर्व होता. चांगल्या कामाचा गर्व वाटू नये असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक कधी चांगलं काम केलेलं नसतं.

मग आमच्या दादाचा घसा बसला.

दादा माझा थोरला भाऊ. गाडी शिकवायचा. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो ब्रेक! ब्रेक कुठाय तो आधी बघा!" असं ओरडलेला माणूस. घसा बसणं त्याला नवीन नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं तोवर उशीर झाला होता. स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं. वहिनीनं विचारलं, "जेवता येईल ना ह्यांना?" येईल म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बाकीचं बघू."

वाक्यं वाचायला तो माझ्याच केंद्रात आला. पहिल्या दिवशी एकटा बसला. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच कागद टेबलावर आपटून तो बाहेर पडला. हे मला जमायचं नाही, मुकं करा आणि मोकळे व्हा, म्हणाला. दुसऱ्या दिवशीपासून वहिनी आत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, तिथून अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायची. ती बसली की दादा वाचायचा. पण वहिनी आणि गप्प बसणं ह्यांचा छत्तीसचा आकडा. मध्येच काहीतरी बोलायची, मध्येच हसायची. काचेच्या अलीकडे आमची रेकॉर्डिंगवाली बसते. तिला आम्ही कानवाली म्हणतो, कारण भिंतीपलीकडं सुई पडली तरी तिला ऐकू येते. कानवाली प्रत्येक वेळी टेक रद्द करायची, शेरा लिहायची आणि दादाला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावायची.

रद्द टेक साठत चालले तसा मी वहिनीपुढं संमतीचा फॉर्म धरला. घरचं माणूस म्हणून सूट द्यायला मी काही आमच्या डॉक्टरांसारखी नव्हे. "सही कर, म्हणजे तुझे आवाज आलेले टेकही राहतील."

"माझे ठेवून काय करायचंय?" वहिनी म्हणाली. "आवाज जातोय तो ह्यांचा. माझा कुठं जातोय? माझा काढून टाक, बाई. ह्यांचा तेवढा स्वच्छ ठेव."

आम्ही सगळे हसलो. दादा तर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी फॉर्मवर "नकार" अशी खूण केली, टेबलातही केली आणि कामाला लागले.

ऑपरेशन झालं. मशीन तयार झालं. दादाच्या गळ्याला आता एक भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो, आणि मांडीवर पाटीएवढं मशीन, त्यातून बोलतो. आवाज हुबेहूब त्याचा. पहिल्यांदा त्यानं टाइप केलं, "चहात साखर कमी आहे," आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "तोंड गेलं पण खोड गेली नाही!" मग दाराआड जाऊन पोटभर रडली. दादानं मशीन पसंत असल्याची सही केली. माझं टेबल नियमानं चाललं.

त्यानंतर वहिनी गेली. दादा नाही, वहिनी. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असताना छातीत कळ आली, गिऱ्हाईकाला "एक मिनिट हं" म्हणाली आणि खाली बसली ती बसलीच. सगळ्या औषधांच्या मध्ये. आमच्या घरात दुखणाईत एक आणि नेलं भलत्यालाच. मी देवाला शिव्या दिल्या आणि अजून एकही परत घेतलेली नाही.

भेटायला माणसं यायची थांबल्यावर मी रोज ऑफिसहून दादाकडे जायला लागले. तो खिडकीशी बसलेला असायचा. मशीन बंद. मी बोलायचे, तो मान हलवायचा. एका रविवारी मी सूप गरम करून आणलं तर त्यानं मशीन सुरू केलेलं. बोट टकटक चाललं, आणि त्याचा आवाज म्हणाला:

"तिचा आवाज मला आठवेनासा झालाय."

मी म्हटलं, असं कसं होईल? तीस वर्षांचा संसार!

"काय बोलायची ते आठवतं. आवाज येत नाही. फोनमध्ये बघितलं. सगळीकडं तीच फोटो काढणारी. एका लग्नाच्या व्हिडिओत ती बोलतेय, पण बँडच ऐकू येतो."

खरं होतं ते. वहिनीला निरोप टाइप करायचा कंटाळा, बोलून पाठवायचा त्याहून. सरळ फोन करायची, आणि फोन ठेवला की संपलं.

दादाचं बोट पुन्हा चाललं. "तुमच्या खोलीत ती माझ्याजवळ बसली होती. तिथं असेल. एकदा ऐकव. एकदाच."

ते टेक पुसलेले असणार. मला तेव्हाच माहीत होतं. पण त्याच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना. "बघते," म्हटलं. तो हसला. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा. त्यानं सूप संपवलं आणि आणखी मागितलं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. दादाचा संग्रह उघडला. रद्द टेकांच्या ओळीच ओळी, आणि प्रत्येकीपुढं "पुसली" अशी खूण. सर्व्हरवरची पुसली. दुसऱ्या इमारतीतली प्रत पुसली. बॅकअपच्या खोलीतली पुसली. सगळं कसं चोख, एक खूण इकडची तिकडं नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी शाबासकी दिली असती.

तरी बॅकअपच्या खोलीत गेले. ती खोली सांभाळणाऱ्याला सगळे काका म्हणतात. थंडगार खोलीत स्वेटर घालून बसलेला असतो. त्याला म्हटलं, "काका, एखादी जुनी प्रत असेल बघा. एखादी सुटली असेल."

"सुटेल कशी?" काका म्हणाला. "सुटली तर तुमचं टेबल माझ्या नावानं बोंब मारतं. मागं एक राहिली होती तर तुम्ही इथं येऊन माझी हजेरी घेतली होतीत."

"मग नीट शोधा!" मी ओरडले. "नुसतं टेबलाकडं बघून सांगू नका, शोधा!"

काका बिचारा उठला. प्रत्येक कपाट उघडून, प्रत्येक डिस्क लावून त्यानं शोधलं. मी दारात उभी होते. शेवटी त्यानं चष्मा काढला आणि नुसती मान हलवली. "कोण होतं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हा माहीत असतं तर..." आणि चष्मा पुन्हा लावला. माहीत असतं तरी त्यानं पुसलंच असतं, आणि नसतं पुसलं तर मीच त्याला पुसायला लावलं असतं.

एक आशा उरली होती. लाज वाटण्यासारखी, पण होती. डॉक्टर! टाकायचं म्हटलं की ज्यांच्या जिवावर येतं ते डॉक्टर. मी मनात म्हटलं, देवा, ह्या माणसानं एकदा तरी माझा नियम मोडलेला असू दे. एखादी प्रत चोरून ठेवलेली असू दे. मी त्यांना एक शब्द बोलणार नाही, त्यांच्या पाया पडेन.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडं सरकवला. "आधीचे काही मी ठेवायचो," ते म्हणाले. "तू टेबलं बसवल्यावर बंद केलं. तुझा धाक होता, आणि खरं सांगू? तुझं म्हणणं मला पटलंही होतं."

मला त्यांचा इतका राग आला! आणि राग करायला जागाच नव्हती. पटलं होतं म्हणे. माझं म्हणणं लोकांना पटू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ते "मी तेव्हाच सांगत होतो" असं म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. तेही म्हणाले नाहीत. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले आणि त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

जागेवर परत आले तर स्क्रीनवर त्या ओळी तशाच उघड्या. तोवर मी फक्त खुणांचा कॉलम बघितला होता. शेऱ्याचा कॉलम उजवीकडं, शेवटी. तो मी एका शब्दापुरता ठेवला होता: "आवाज", "खोकला", "दार", असं काहीतरी. पण कानवालीला एका शब्दात लिहिणं माहीतच नाही. जे ऐकेल ते लिहिणार. मी कितीदा तिच्यावर त्याबद्दल खेकसले होते. मी ते शेरे वाचायला लागले, आणि वाचता वाचता कागदावर उतरवून घेतले.

संध्याकाळी दादाकडे गेले. तो वाटच बघत होता. मशीन सुरू करून, टेबल पुसून, माझ्या लॅपटॉपला जागा करून ठेवलेली. मी लॅपटॉप आणलाच नव्हता. ते बघूनच त्याला कळलं असावं, तरी त्याचं बोट चाललं.

"मिळाला?"

"नाही, दादा. पुसलाय. सगळीकडून पुसलाय. नियम माझाच होता. वहिनीनं सही केली नव्हती म्हणून..."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचं रडणं आता आवाजाचं नसतं. खांदे हलतात आणि गळ्याच्या भोकातून हवा फसफसते, बस. मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. मग थोड्या वेळानं स्वतःच धरला.

"शेरे राहिलेत," मी म्हटलं. "ती काय बोलली त्याचे. आमच्या बाईनं लिहून ठेवलेत. आवाज नाही, नुसते शब्द. वाचू?"

त्यानं मान हलवली. मी वाचलं. कार्यालयीन भाषेतच होतं ते, जसंच्या तसं वाचलं.

"दुसरा आवाज, स्त्री. वाक्याच्या मध्ये: 'अहो, श्वास घ्या.'"

"दुसरा आवाज, स्त्री. वाक्य संपण्याआधी: 'छान. अगदी छान वाचताय.'"

"दुसरा आवाज, स्त्री. 'मला थोडं पाणी हवंय' ह्या वाक्यानंतर: 'देते हं.' पेशंट हसले. बाई हसल्या. पुढचे दोन टेकही हसण्यात गेले."

"दुसरा आवाज, स्त्री. हळू, पुटपुटल्यासारखा. शब्द कळले नाहीत."

दादानं हात वर करून मला थांबवलं. ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. "काय म्हणाली होती रे?" मी विचारलं.

"मी ऐकलं नाही," मशीन म्हणालं. "मी वाक्य वाचत होतो."

सगळे वाचून झाले. दादानं कागद मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि बोट फिरवत पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मी म्हटलं, चहा टाकते. मला तिथं बसवत नव्हतं.

पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, आणि बाहेरून दादाचा आवाज आला.

"अहो, श्वास घ्या."

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. मग कळलं. तो वहिनीचे शब्द मशीनमध्ये घालत होता. मशीनला दुसरा आवाज माहीतच नव्हता. आम्ही स्वच्छ करून दिलेला, दादाचा तेवढाच. थोडं थांबून पुन्हा आलं, अक्षरं वाढवून टाइप केल्यासारखं, जरा ओढून, जरा हळू, वहिनी हेल काढायची तसं काहीसं. मग आणखी एकदा, निराळं. तो तिचा सूर शोधत होता आणि दर वेळी त्याला त्याचाच आवाज मिळत होता. मी ओट्याला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, पुरे कर रे दादा, पुरे कर.

मग बराच वेळ बोटाची टकटक तेवढी चालली होती.

"अहो," दादाच्या आवाजात हाक आली.

आणि लगेच दादाच्याच आवाजात उत्तर आलं, "ओ, आलो."

पाणी उकळून पातेल्याबाहेर यायला लागलं होतं. मी गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिले.